पांढरं बंद

आमच्याकडं घोटभर ताकाला कुनी पैसं घेत न्हाई. ज्याच्या दारात गाय त्याच्या घरी तांब्या घिऊन जायचं, "ताक हाय का गं" म्हनायचं आन् भरून आनायचं. माझी समदी हयात अशी ताकाव गेली. भाकर कुस्करायची, वरनं ताक वतायचं, मीठ टाकायचं, झालं जेवान. कालवन न्हाई, तेल न्हाई, जाळ न्हाई. म्हनून त्या बुवानं पांढरं बंद केलं तवा माझ्या डोळ्यापुढं पयला तांब्याच आला. म्हागाचं काय सुटनार नव्हतं, म्हागाचं घरात हुतंच कुठं? सुटलं ते फुकटचं.

हे समदं नातीपायी झालं. पोर सातवीला. तिचं मायबाप दरसाल दसरा झाला की ऊस तोडाया कारखान्याव जात्यात, ते चैत्रापातुर तिकडंच. शाळा बुडू नये म्हनून पोर माझ्यापाशी ऱ्हाते. गेल्या साली ते जायच्या आदी पोरीच्या घोट्याव पांढरा डाग दिसला. बोटाच्या पेराएवढा. आमी म्हनलो नायटा असंल. लिंबू चोळला, मलम लावला, डाग काय जाईना. मंग एक दिस माझा लेक तो पाय हातात घिऊन लई वेळ बघत बसला, आन् मला कळलं त्याच्या मनात काय आलंय ते. त्या रोगाचं नाव आमच्या घरात कुनी तोंडातनं काढलं न्हाई. अजून काढत न्हाई. डागच म्हनतो. दुखत न्हाई, खुपत न्हाई, कुनाला लागत न्हाई. पन पोरीची जात, उद्या कुनाच्या तरी दारात द्यायची.

पाथर्डीच्या पलीकडं एका वाडीत एक बुवा झाडपाल्याचं औषिद देतो असं कुनीतरी सांगितलं. लेक, सून, पोर आन् मी, चौघं जीपनं गेलो. बुवानं डाग अंगठ्यानं दाबून बघितला. काळी पूड बांधून दिली. म्हनला, "लिंबाच्या रसात कालवायची, लावायची, पोरीला घटकाभर उन्हात बसवायचं. आन् पथ्य. पांढरं बंद, वशाट बंद. मटन, मासं, अंडं, कायच न्हाई. पथ्य मोडलं तर औषिद उलटंल. एका डागाचे धा हुतील, मंग माझ्याकडं यायचं न्हाई. लावनाराच्या हाताला बी पथ्य पायजे. लावनार कोन?"

"मी," मी म्हनले.

पांढरं म्हंजे काय काय ते त्यानं सांगितलं न्हाई आन् आमी इचारलं न्हाई. बुवाला उलट इचारायची आमच्यात रीतच न्हाई. तिथं मान हालवायची आन् भाईर यायचं. मंग जीपमधी बसल्याव आमची चर्चा सुरू झाली.

लेक म्हनला, "दूध, दही, ताक, तूप, समदं बंद."

सून म्हनली, "तूप तर पिवळं असतंय."

"दुधाचंच हाय न्हवं?"

"आन् भात?" पोर म्हनली.

"भात बी पांढराच की."

"आन् ज्वारी?"

घरात खायला ज्वारीच हुती. आमच्या रानात दुसरं येतंय काय? शाळू, पांढरा शुभ्र, दान्याला दाना लागलेला. लेकानं खिडकीतनं भाईर बघत सांगितलं, "शंका नको ठिवायला. पांढरं म्हंजे पांढरं. समदंच."

असं ते ठरलं. आन् ते दोघं गेले ऊस तोडाया.

शेजारी माझी धाकटी जाऊ ऱ्हाते. तिच्या दारात दोन गाया, दूध डेअरीला जातं. जिभेला हाड न्हाई तिच्या, पन काळजाची चांगली. मी ज्वारीचं पोतं तिच्या बाजरीव बदलाया गेले तर कंबरंव हात ठिवून हुबी ऱ्हायली.

"आक्का, ज्वारी पांढरी म्हनून बंद?"

"व्हय."

"मंग मीठ काय काळं हाय?"

मी म्हनले, "मिठाबिगर मानूस जगंल का?"

"कांदा? लसून? मुळा? पोरीचं दात बी पांढरं हायत्यात, पाडून टाका. आन् रातच्याला चंद्राकडं बघू दिऊ नका तिला, त्यो बी पांढराच हाय."

मला हासू आलं, पोर बी हासली. पन घरी आल्याव मी लसनाची पाकळी हातात धरून चुलीपुढं बसले. सोलली की पांढरी. न सोलता ठेचली, सालासकट. मिठाचं मातर मी माझ्या जिवाव घेतलं. म्हनलं, याचं काय पाप असंल ते मला लागू दे.

आता दोन मानसांनी खायचं काय? रेशनचे गहू हुते, त्याची चपाती. पन गव्हाला तेल लागतं, कालवन लागतं, बाजरीची भाकर कशाबरं बी खाता येती. रेशनचा तांदूळ मी जावंला दिला, तिनं मला हुलगं आन् मटकी दिली. हुलग्याचं माडगं करायची. हुलगं भाजायचं, जात्याव भरडायचं, पीठ पान्यात शिजवायचं, गूळ टाकायचा. त्याच पिठाचं शेंगोळं. मटकीला मोड आनायची तर मोड पांढरं येत्यात, म्हनून बिनमोडाचीच शिजवायची, जळान लई जायचं. शेवग्याचा पाला बांधावनं फुकट. तांदुळजा, पाथरी, चिवळ, पानी असंल तिथं सापडायची. खुरपाया ज्या रानात गेले तिथनं वटीत घालून आनायची. हरबऱ्याचं शेंडं खुडून वाळवून ठिवलं, त्याची भाजी अंगच्या आंबटपनानं भाकरीबरं बरी लागती. शेंगदान्याची चटनी, तीळ काळं. गुळाचा कोरा चहा.

आयकाया बरं वाटतं, पन हे रोज करायचं म्हंजे काय ते ज्यानं केलं त्यालाच ठावं. ताक हुतं तवा एका भाकरीव दिस जायचा. आता प्रत्येक घासाला कायतरी शिजवावं लागायचं, आन् शिजवायचं म्हंजे आदी हिंडून आनायचं. मी दिसभर दुसऱ्याच्या रानात, सांजचं पाला शोधायचा. दुष्काळाची मला याद यायची. मी तवा ल्हान हुते, परदेशातनं लाल ज्वारी आल्ती, घशाखाली उतरायची न्हाई, पोटात दुखायचं. आता मनात यायचं, ती ज्वारी तरी चालली असती, लाल हुती.

पोर गुनाची. कदी हट केला न्हाई. शाळेत दुपारची खिचडी मिळती. म्हनली, "खिचडी पिवळी असती आजे, हळदीची." मी म्हनले, "आत भातच हाय बाळा." तवापसनं ती बाजरीची भाकर फडक्यात बांधून न्यायची. पोरी इचारायच्या तर सांगायची उपास हाय. त्या म्हनायच्या, "रोजचाच उपास? देव पावला का न्हाई मंग?" घोट्यावचा डाग दिसू नये म्हनून ती पायमोजं घालायची, उन्हाचं बी.

शाळेत आठवड्यातनं एकदा अंडं द्यायचे, ज्याला अंडं नगं त्याला केळं. मी तिला सांगितलं हुतं, तू केळं घी. केळं तर झाडाचं हाय, पिवळं हाय, त्याला कायच आडकाठी न्हाई. मला तेवढाच आधार वाटायचा, आज पोरीच्या पोटात केळं गेलं. एक दिस मी म्हनले, "आज केळं ग्वाड हुतं का गं?"

ती म्हनली, "मी न्हाई खात केळं. मैतरनीला देते."

"का गं?"

"सोललं की आतनं पांढरं हाय की आजे."

मी तिला जे शिकवलं तेच ती पाळत हुती, माझ्यापरास नेटानं.

थंडी सरली तवा तिच्या व्हटाचं कोपरं चिरलं. जीभ लालभडक झाली, तिखट लावून घीना. चटनी आमची मोठी वस्तू, ती बी सुटली. पायऱ्या चढताना धाप लागायची. पोरीची हाडं वाढायचं वय, आन् अंगातला झगा दिसानदिस मोठा व्हाया लागला. जाऊ म्हनली, "आक्का, पोर वाळाया लागलीय. घोटभर दूध देते, डोळे मिटून पाज." मी म्हनले, "औषिद उलटंल." ती म्हनली, "उलटायला पोर तरी ऱ्हायली पायजे." तिचा मला लई राग आला. चार दिस मी तिच्या दारात गेले न्हाई.

मंग पोर शाळेत प्रार्थनेला हुबी असताना पडली. शाळेच्या बाईंनी रानात निरोप धाडला. मी खुरपं तिथंच टाकलं आन् तशीच गेले. सरकारी दवाखान्यात न्हेलं. तिथली डॉक्टरीन तरनी हुती. तिनं पापनी खाली वढून बघितली, नखं बघितली, रगत तपासलं. म्हनली, "आजी, हिच्या अंगात रक्त कमी आहे. ही खाते काय?"

मी समदं सांगितलं. ती हासली न्हाई, ओरडली बी न्हाई. म्हनली, "हुलगे, शेंगदाणे, शेवगा, गूळ देता ते चांगलं करता. दूध-अंड्याशिवाय माणूस राहू शकतो. पण मग पोटभर सगळं खायला पाहिजे, आणि एक गोष्ट अशी आहे की ती पाल्यात, धान्यात मिळत नाही. तिची गोळी घ्यावीच लागते. तुम्ही तर झाडाचं होतं त्यातलंही निम्मं बंद केलंय. भात, ज्वारी, केळं कशासाठी बंद केलं?"

"पांढरं हाय म्हनून."

"आजी, हा डाग खाण्याने येत नाही आणि खाणं सोडून जात नाही. नगरला कातडीच्या डॉक्टरांना दाखवा."

तिनं गोळ्या दिल्या. लाल गोळ्या आन् पांढऱ्या गोळ्या. घरी आल्याव पोरीनं लाल घेतल्या. पांढऱ्या फळीव ठिवून दिल्या. मी बघितलं, पन मी तिला घी म्हनले न्हाई.

डॉक्टरीन खोटं बोलली असं मी म्हनत न्हाई. पन ती तिच्या घरी जायची. डाग पसरला तर पोर आमच्या घरात बसायची. आन् समदे म्हननार, म्हातारीनं मोडलं. माझा लेक म्हननार.

लेकाचा फोन आला तर मी त्याला सांगितलं, पोर पडली म्हनून. मागं ट्रॅक्टरचा आवाज येत हुता, त्याला नीट आयकू येईना. "आये, डाग वाढला का?" त्यानं आदी त्येच इचारलं.

"न्हाई. हाय तेवढाच हाय."

"मंग गुन येतोय. पथ्य मोडू नको आये. थोडं ऱ्हायलंय आता."

मंग सुनंनं फोन घेतला. "आत्याबाई, लई वाळलीय का वो?"

मी म्हनले, "न्हाई, हाय बरी."

ट्रॅक्टर तेवढा वाजत ऱ्हायला. आईला कळत असंल का न्हाई? पन तिकडं बसून ती काय करनार?

शिमग्याच्या सुमाराला एका सकाळी मी पोरीची येनी घालत हुते. केस वर घेतले, तर मानंव, केसाच्या खाली, दुसरा डाग. ल्हानसा, तांदळाएवढा. मी केस सोडले, परत वर घेतले. त्यो हुताच. मी येनी घातली, फीत बांधली. पोर म्हनली, "आजे, आज लई घट घातली." मी म्हनले, "बरं ऱ्हातंय."

दुसऱ्या दिशी तिला घिऊन बुवाकडं गेले. बुवानं मान बघितली आन् आमच्याकडं बघितलं.

"पथ्य मोडलं."

"न्हाई मोडलं."

"मोडल्याबिगर नवा डाग येत न्हाई. शाळेत खाल्लं असंल हिनं. पोरांचा काय भरवसा?"

पोरीनं मान वर केली. डोळं भरलेलं, पन पानी खाली पडू दिलं न्हाई. म्हनली, "मी न्हाई खाल्लं."

मी म्हनले, "मी वाढते त्येवढंच खाती ती."

"मंग तुमच्याकडनं मोडलं असंल."

तवा मला मीठ आठावलं. आजवर ज्याला उलट इचारलं नव्हतं त्याला मी इचारलं, "बुवा, मीठ चालतं का?"

"मीठ? मिठाला कोन काय म्हनलं?"

"पांढरं असतंय."

बुवा माझ्याकडं बघतच ऱ्हायला. मी म्हनले, "आन् ज्वारी? भात? केळं?"

"ज्वारी कशाला बंद करीन मी? पांढरं म्हंजे दुधाचं. समद्यांना म्हाईत हाय."

समद्यांना म्हाईत हाय म्हनला. आमी चौघं त्याच्या म्होरं बसून आल्तो, चौघांना नव्हतं म्हाईत. पोतंभर शाळू मी जावंच्या घरात टाकला, पोरीच्या तोंडचं केळं गेलं, खिचडी गेली, आन् ते कुनी सांगितलंच नव्हतं.

"पन मोडलं हे खरं," बुवा म्हनला. "आता दुसरी पूड देतो. पयल्यापसनं पाळा."

मी पूड घेतली. उठून आलो. पाथर्डीच्या जीपची वाट बघत रस्त्याला बाभळीखाली हुबं ऱ्हायलो. पोर पायानं माती उकरत हुती. मंग म्हनली, "आजे, त्यानं सांगितलं त्याच्यापरास आपुन जास्तीच पाळलं न्हवं?"

"व्हय."

"तरी मोडलं म्हनला."

"व्हय."

"मंग आता मी मोडते. मोडून मग मोडलं म्हनू दी."

मी तिला वरडनार हुते. पन ती काय चुकीचं बोलली ते मला हुडकून सापडंना.

पाथर्डीला स्टँडाजवळ उकडलेल्या अंड्याचा गाडा हुता. गाडी सुटाया येळ हुता. मी एक अंडं घेतलं. त्या मानसानं दोऱ्यानं कापून वर मीठ-मिरची टाकली. पोरीनं कागद हातात धरला आन् बघतच ऱ्हायली. "लई पांढरं हाय गं आजे," म्हनली. मंग डोळे मिटून आर्धं तोंडात टाकलं. दुसरं आर्धं माझ्याम्होरं धरलं, "तू बी घी."

मी म्हनले, "मला नगं. खा तू."

त्या दिसापसनं पोर समदं खाती. दूध जावंकडनं येतं. जाऊ रोज तांब्या देताना कायतरी बोलतीच, "चंद्राकडं बघितलं तर चालतं का आता?" मी आयकून घेते. फळीवच्या पांढऱ्या गोळ्या पोरीनं सपवल्या. काळी पूड मी तिच्या घोट्याला आन् मानंला अजून लावते, उन्हात बसवते. आन् माझ्या हाताचं पथ्य मी सोडलेलं न्हाई. दूध न्हाई, ताक न्हाई, अंडं न्हाई, कायच न्हाई. ज्वारी तेवढी खाते आता. का पाळते ते मला नीट सांगता यायचं न्हाई. डॉक्टरीन खरी असंल तर माझं काय बिघडत न्हाई. बुवा खरा असंल तर लावनाराचा हात तरी नीट ऱ्हावा. उलटायचं असंल तर माझ्याव उलटावं, माझं काय ऱ्हायलंय आता. तळपायाला अलीकडं मुंग्या येत्यात, चालताना भुई नीट कळत न्हाई. पोरीनंच मला दवाखान्यात न्हेलं. पाल्यात, धान्यात मिळत न्हाई म्हनली हुती त्याची गोळी डॉक्टरनीनं मला बी दिली, म्हनली, "आजी, असंच खायचं असेल तर ही सोडायची नाही." मी सोडत न्हाई.

चैत्रात लेक-सून आली. सामान उतरायच्या आदी लेकानं पोरीला खाटंव बसवलं, पायमोजा काढला आन् पाय मांडीव घेतला. डाग वाढलेला. मानंवचा बी बघितला. माझ्याकडं बघून म्हनला, "आये, पथ्य पाळलं का?"

"पाळलं."

"मंग हे काय?"

"डागाला इचार."

तेवढ्यात जाऊ दुधाचा तांब्या घिऊन दारात. लेकानं तांब्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. पोर घाबरली न्हाई. म्हनली, "दादा, मी मोडलं. आजी पाळती."

सून भिंतीला टेकून खाली बसली. लेकानं पाय मांडीवनं सोडला न्हाई. राग आल्ता त्याला, मानंची शीर दिसत हुती. पन हात पोरीच्या पोटरीवनं फिरत हुता, कातडीखाली मांस हाय का बघत असल्यागत. मंग म्हनला, "पाय भरलाय गं तुझा."

"व्हय दादा."

"आन् डाग वाढलाय. ते बी दिसतंय."

नगरच्या डॉक्टरचं मी त्याला सांगितलं, त्यानं आयकून घेतलं. पोर आता आठवीला जाईल. तिला नगरला न्यायचं का न्हाई ते त्यानं अजून ठरवलेलं न्हाई. सांजला सुनंनं समद्यांचा चहा केला, दुधाचा. माझा कप तिनं कोरा भरला, आन् माझ्याम्होरं ठिवून पदरानं डोळे पुसत चुलीकडं गेली.